सात की साठ? कानाचं मशीन जुळवताना

(कोल्हापुरातील एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



"आवाज येतोय, पण शब्द कळंनात." कानाच्या तपासणीला येणारा माणूस कागलचा असो, गडहिंग्लजचा असो की इथल्या मंगळवार पेठेतला, खुर्चीत बसला की एवढं सांगतोच. सोबत आलेला मुलगा किंवा सून लगेच भर घालते, "पाहिजे तेवढं बरोबर ऐकू येतं हो ह्यांना." अशा वेळी मला नेहमी त्या म्हाताऱ्या माणसाची बाजू घ्यावीशी वाटते, कारण तो सांगतोय ते शास्त्राला धरून आहे. आवाज पोचणं आणि शब्द पोचणं ह्या निराळ्या गोष्टी आहेत. कानाचं मशीन पहिली गोष्ट सहज करतं. (आपण सगळे मशीनच म्हणतो; श्रवणयंत्र हा शब्द कार्यक्रमपत्रिकेवर छापण्यापुरता.) दुसरीसाठी ते जुळवावं लागतं. त्या जुळवण्यात काय मिळतं आणि मिळवताना काय सोडावं लागतं, ह्यावर आज बोलणार आहे.

आधी आपलं मराठी बोलणं कशाचं बनलंय ते बघू. आ, ओ, ऊ हे स्वर दणकट असतात. त्यांची बरीचशी ताकद १००० हर्ट्झच्या खाली, जाड आवाजाच्या पट्ट्यात असते. स ची ताकद ४००० च्या वर. श थोडा खाली, अडीच-तीन हजारांपासून सुरू होतो. ल आणि ळ, न आणि ण वेगळे ओळखायची एक मोठी खूण २००० ते ३००० च्या आसपास सापडते. बोलण्यातला सगळ्यांत जोरकस स्वर आणि सगळ्यांत दुबळं व्यंजन ह्यांच्यात ३० डेसिबलच्या आसपास अंतर असतं. आवाज स्वरांचा, आणि अर्थाचा मोठा भार मात्र त्या दुबळ्या व्यंजनांवर.

वय झालं की कान आधी बारीक, उंच आवाज सोडतो. मग 'सात हजार' आणि 'साठ हजार' ह्यांत फरक उरत नाही. स अर्धामुर्धा, आ तोच, आणि शेवटच्या त किंवा ठ चा क्षणभराचा उच्चार तर गेलेलाच. 'काल' आणि 'काळ' एक होतात, 'साल' आणि 'शाल' एक होतात. मराठीत ह्याची आणखी एक खोच आहे. आपण तू म्हणून बोलतो तेव्हा क्रियापदाच्या शेवटी एक बारीकसा स ठेवतो. नातू विचारतो, "आज्जी, गोळी घेतलीस?" तो स कानात शिरला नाही, तर उरतं "गोळी घेतली". आजीला वाटतं, पोरगं स्वतःच्याच गोळीबद्दल सांगतंय. ती म्हणते, "बरं केलंस." घरात हशा होतो आणि आजी हळूहळू बोलणं कमी करते.

संदर्भावरून माणूस पुष्कळ भरून काढतो. वांगी साठ रुपये किलो, सात रुपये नव्हेत, हे कपिलतीर्थ मार्केटात कोणालाही कळतं. पण दर वाक्यात दोन-तीन ठिकाणी अंदाज बांधायचा म्हणजे डोक्याला काम लागतं. ऐकून ऐकून थकवा येतो ही तक्रार म्हणूनच खरी असते, आणि डॉक्टरांना सांगायला माणूस नेमकी तीच विसरतो.

मग घरचे मोठ्यानं बोलतात. आपल्या कोल्हापुरात मुळात मोठ्यानंच बोलतात, त्यात आणखी वर. पण ओरडताना जोर येतो तो स्वरांना. स आणि फ ओरडता येत नाहीत. ज्याची कमतरता नव्हती तेच वाढतं. वर ओरडणाऱ्याचा चेहरा रागावलेला दिसतो, तो फुकटचा मनस्ताप.

आता कानाच्या आत काय बिघडलेलं असतं ते थोडक्यात. आतल्या शंखासारख्या भागात केसपेशी असतात. साधारण साडेतीन हजार आतल्या ओळीत, बारा हजारांच्या आसपास बाहेरच्या ओळींत. बाहेरच्या पेशींचं काम हळू आवाज वाढवून देणं. मोठा आवाज त्यांच्या मदतीशिवायही पोचतो. ह्या पेशी गेल्या की कुजबुज नाहीशी होते, पण कुकरची शिट्टी जितकी मोठी तितकीच राहते. म्हणून "जरा मोठ्यानं बोल की" आणि "अगं, ओरडतीस कशाला?" ही दोन वाक्यं एकाच माणसाच्या तोंडून अर्ध्या मिनिटात येतात. नुसत्या सांगण्यात हा विक्षिप्तपणा वाटतो. प्रत्यक्षात ऐकू येऊ लागण्याची पातळी वर गेली, सहन होण्याची पातळी जागची हलली नाही, आणि मधली जागा चिंचोळी झाली. तरुण कानाला जवळपास शंभर डेसिबलचा पट्टा असतो. ह्या माणसाकडे चाळीसच उरले असतील, तर सगळं जग त्या चाळिसात बसवावं लागतं.

आपल्या जिल्ह्यात कान असा बिघडायला वयाची वाट बघावी लागत नाही. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी सुरू केला आणि ते गाव कापडाचं झालं. मागाच्या शेडमध्ये आवाज सहज ९० डेसिबलच्या पुढे जातो. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० चीच मर्यादा आहे, पण घराला लागून असलेल्या शेडमध्ये ती मोजायला कोण येणार? मागावर तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या ऐकण्याचा आलेख काढला तर ४००० हर्ट्झपाशी खड्डा दिसतो, आणि पुढे तो दोन्ही बाजूंना पसरत जातो. धातू ठोकणाऱ्यांचंही तेच. ग्लासगोत थॉमस बार ह्या डॉक्टरनं १८८६ मध्ये शंभर बॉयलर बनवणाऱ्या कामगारांचे कान तपासले, तर त्यांतल्या एकाचंही ऐकणं धड नव्हतं. लँकेशरच्या कापडगिरण्यांत बायका ओठांची मोठी हालचाल करून एकमेकींशी बोलत, त्या बोलण्याला 'मी-मॉ' असं नावच पडलं होतं. इचलकरंजीतही मागवाला हातवाऱ्यांनी, ओठांवरून पुष्कळ कळून घेतो. त्यामुळे त्याचं ऐकणं किती गेलंय हे घरच्यांना फार उशिरा कळतं. तोंडावर हात ठेवून त्याच्याशी बोलून बघा, लगेच कळेल.

आता मशीनकडे येऊ. खिशात डबी, तिच्यातून वायर कानाकडे, हे मशीन आपल्यातल्या पुष्कळांनी बघितलंय. त्यात आवाज वाढवायचं एक चाक असायचं. फार तर स्क्रूड्रायव्हरनं फिरवायचे एक-दोन स्क्रू. शर्ट घासला की खरखर व्हायची. सगळंच वाढवणारं ते यंत्र होतं. पूर्णपणे डिजिटल मशीनं १९९६ मध्ये बाजारात आली आणि आवाजाचे पट्टे वेगवेगळे करून प्रत्येकावर निराळा हिशेब लावता येऊ लागला. आज तुमच्या कानामागच्या शेंगदाण्याएवढ्या वस्तूत हे सगळं मावतं. मशीन जुळवणारा ऑडिओलॉजिस्ट संगणकावर जे हलवतो ते मुख्यतः असं: प्रत्येक पट्ट्यात हळू आवाज किती वाढवायचा, मध्यम किती, मोठा किती, आणि कुठल्याही परिस्थितीत जिच्या वर जायचं नाही ती कमाल मर्यादा कुठे ठेवायची.

हळू आवाज भरपूर वाढवायचा आणि मोठा जवळजवळ वाढवायचाच नाही, ह्याला कॉम्प्रेशन म्हणतात. चिंचोळ्या झालेल्या कानासाठी हीच मुख्य युक्ती. पण ते किती वेगानं करायचं ह्यावर सगळं अवलंबून आहे. मशीन झटपट वरखाली करणारं ठेवलं, तर दुबळं व्यंजन लगेच उचललं जातं आणि शब्द सापडतो. त्याबरोबरच दोन शब्दांमधल्या फटीत पंख्याची घरघरही वर उचलली जाते, आणि बोलण्याचा नैसर्गिक चढउतार सपाट होतो. सावकाश वरखाली करणारं ठेवलं तर ऐकायला गोड, आरामाचं. पण कोणी एकदम हळू बोललं तर ते निसटतं. ज्यांची स्मरणशक्ती आणि आकलनाचा वेग वयानं मंदावलाय, त्यांना गोंगाटात बहुधा सावकाश कॉम्प्रेशन मानवतं, असा ह्या क्षेत्रातल्या अभ्यासांचा कल आहे. आलेख हुबेहूब सारखा असलेल्या दोन माणसांना एकच सेटिंग चालत नाही, ते म्हणूनही.

आता खरं भांडण. स ऐकू यायला हवा, तर ३००० हर्ट्झच्या वरचा भाग वाढवायला हवा. तो वाढवला की स्वयंपाकघरातली स्टीलची भांडी टोचतात, कागदाची सळसळ टोचते, नळाचं पाणी टोचतं. रोग्याचं म्हणणं असतं, "डोकं उठतंय, आवाज कमी करा." कमी केला की भांडी शांत होतात आणि 'घेतलीस' मधला स पुन्हा जातो. स्पष्टता आणि आराम एकाच पट्ट्यात राहतात, आणि तिथे दोघांचं पटत नाही. कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यांदा आपोआप बसणारं सेटिंग बरेचदा आरामाकडे झुकलेलं असतं. ह्या उंच भागात हिशेबानं द्यायला हवं त्यापेक्षा ते कमी देतं. पहिल्या दिवशी रोगी खूश होऊन जातो. महिन्यानं तेच वाक्य घेऊन परत येतो, आवाज येतोय पण शब्द कळंनात. नाही तर येतच नाही, आणि मशीन कपाटात जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात आहे की, मशीनचा उपयोग होऊ शकेल अशा माणसांपैकी जेमतेम १७ टक्के ते वापरतात. घेऊन कपाटात ठेवलेली त्याहून निराळी.

ह्या भांडणात मध्यस्थी कशी करायची? एक उपाय मोजमापाचा आहे. कानात एक केसासारखी बारीक नळी सरकवतात, तिच्या टोकाला मायक्रोफोन, आणि मशीन घातलेलं असताना कानाच्या पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोचतोय ते मोजतात. प्रत्येक माणसाच्या कानाच्या नळीचा आकार निराळा, त्यामुळे संगणकाच्या पडद्यावर दिसतो तो आकडा आणि कानातला आकडा ह्यांत दहा डेसिबलचा फरक पडणंही नवलाचं नाही. ही तपासणी दहा-पंधरा मिनिटांची आहे. ती सगळीकडे होत नाही. मशीन घेताना किमतीची घासाघीस जरूर करा, त्याआधी "कानात नळी घालून मोजणार का?" हे विचारा.

द्यायला हवा तो आवाज ठरवायची जी सूत्रं जगभर वापरतात, त्यांतलं एक सिडनीच्या राष्ट्रीय ध्वनी प्रयोगशाळेनं बनवलेलं, दुसरं कॅनडातलं, मूळ मुलांसाठीचं. सिडनीतल्याच डेनिस बर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये बारा भाषांचं बोलणं मोजून त्यांच्या आवाजाची सरासरी मांडली. त्यात इंग्रजी, रशियन, जपानी, व्हिएतनामी होत्या. आपल्या कुळातली सिंहली होती. मराठी नव्हती. त्यांना आढळलं की सरासरी काढली तर सगळ्या भाषा बऱ्याच सारख्या दिसतात. हे खरं, आणि म्हणूनच सिडनीचं सूत्र शिरोळच्या माणसालाही बऱ्यापैकी लागू पडतं. पण सरासरीत सात-साठ दिसत नाही, आणि 'घेतलीस' तर नाहीच. म्हणून सूत्रानं सुरुवात करावी आणि शेवटची जुळवणी मराठी शब्दांवर करावी, असं माझं मत आहे. रोग्याच्या घरात कन्नड बोलत असतील तर कन्नड शब्दांवर. चंदगड-निपाणीकडचे पुष्कळ लोक दोन्हींत जगतात.

एक तपासणी घरीही होते. डॅनियल लिंग ह्या तज्ज्ञाची ती पद्धत आहे. सहा ध्वनी: म, ऊ, आ, ई, श, स. मशीन घातलेल्या माणसामागे उभं राहून, ओठ दिसू न देता, साध्या आवाजात एकेक म्हणायचा. त्यानं तो परत म्हणायचा. म पासून स पर्यंत सगळे आले म्हणजे जाड आवाजापासून बारीकापर्यंत पट्टा उघडा आहे. स अडकला तर मशीनचं टोक मळानं बुजलंय का बघा. निम्म्या वेळा तेच असतं.

कधी कधी उंच पट्ट्यातल्या पेशी इतक्या मेलेल्या असतात की कितीही वाढवून उपयोग नसतो, नुसता कलकलाट होतो. मग काही मशीनं स चा आवाज खाली ओढून, ऐकू येणाऱ्या पट्ट्यात आणून टाकतात. स ऐकू येतो, पण श च्या शेजारी येऊन बसतो. साल आणि शाल पुन्हा एक. आमच्याकडे शाळेला 'साळा' म्हणणारी मंडळी आहेत, त्यांना ह्याचं काही वाटत नाही. पुण्याहून सून आलेली असेल तर वाटतं.

आरामाच्या तक्रारींत पहिला नंबर स्वतःच्या आवाजाचा. "माठात तोंड घालून बोलतोय असं वाटतंय." कान मोल्डनं, म्हणजे कानाच्या मापाच्या साच्यानं, गच्च बंद केला की आपल्या बोलण्याचा जाड भाग हाडांतून कानाच्या नळीत येतो आणि बाहेर जायला वाट नसल्यानं तिथेच घुमतो. जेवताना तर विचारू नका. भडंग खाणाऱ्या माणसाला दुसऱ्याचं बोलणं ऐकू येईल ही आशाच सोडावी. ह्यावर संगणकातलं सेटिंग फारसं काही करू शकत नाही. मोल्डला भोक पाडावं लागतं, किंवा त्याऐवजी उघडा डोम, म्हणजे भोकांची मऊ टोपी, घालावा लागतो. भोक पाडलं की घुमणं जातं. मात्र त्याच वाटेनं वाढवलेला आवाज बाहेर पडून परत माइकमध्ये शिरतो आणि मशीन शिट्टी मारतं. शिवाय जाड आवाजाची वाढ गळून जाते. ज्याचा जाड भाग शाबूत आहे त्याला हे चालतं. ज्याचा तोही गेलाय, त्याला घुमणं थोडं सोसावंच लागतं.

आता मंगल कार्यालय. टाइल्सची जमीन, पत्र्याचं छत, बँडवाले, पाचशे माणसं, आणि अक्षता पडायच्या आधी बाजूला बसलेले व्याही काहीतरी महत्त्वाचं सांगताहेत. मशीनची जाहिरात नेमकी ह्याच प्रसंगाची असते आणि मशीन नेमकं इथेच हरतं. रायनर प्लॉम्प ह्या डच शास्त्रज्ञानं १९७८ मध्ये हे नीट मांडलं. कान जाण्यात दोन तोटे असतात, एक आवाज कमी पोचण्याचा आणि दुसरा पोचलेला आवाज विस्कटण्याचा. पहिला मशीन भरून काढतं. दुसरा, गोंगाटात, मशीननं भरून निघत नाही, कारण ते गोंगाटही वाढवतं. चांगल्या कानाला गोंगाट बोलण्यापेक्षा थोडा वरचढ असला तरी भागतं. बिघडलेल्या कानाला बोलणंच काही डेसिबलनं वरचढ लागतं.

मशीनमधलं 'नॉइज रिडक्शन' काय करतं? एकसारखा चालू राहणारा आवाज, म्हणजे पंखा, एसटीचं इंजिन, मिक्सर, ओळखून त्या पट्ट्यातली वाढ कमी करतं. त्यानं कान सुखावतो, थकवा कमी होतो. शब्द मात्र त्यामुळे फारसे जास्त कळत नाहीत, हे वारंवार दिसलंय. मंगल कार्यालयातला गोंगाट तर माणसांच्याच बोलण्याचा. व्याह्यांचं बोलणं हवं आणि मागच्या रांगेतल्या मावशीचं नको, हे मशीननं कसं ओळखायचं? दिशा धरणारे दोन मायक्रोफोन काही डेसिबल मदत करतात, तीही समोरचा माणूस जवळ असेल आणि गोंगाट मागून येत असेल तर. मग सेटिंगच्या आधी जागा बदला. भिंतीला पाठ करून बसा, स्पीकरपासून लांब, बोलणाऱ्याच्या जवळ. अंतर निम्मं केलं की उघड्यावर सहा डेसिबल फुकट मिळतात. एवढी मदत महागातल्या महाग मशीनकडूनही सहज मिळत नाही.

डॉल्बीच्या मिरवणुकीत मशीन घालून जाऊ नका, हे वेगळं सांगायला हवं का? निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल असं २००० सालचे नियम म्हणतात. आपल्या महाद्वार रोडला विसर्जनाच्या दिवशी तो आकडा कोणी आठवत नाही. मशीन काढून कानात प्लग घाला. बंद करून तसंच कानात ठेवलेलं मशीन म्हणजे संरक्षण नव्हे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे व्याख्यान स्वीकारलं तिच्याकडे येतो. हे गाव गवई अल्लादिया खाँसाहेबांचं आहे. शाहू महाराजांच्या पदरी ते इथे राहिले. देवल क्लब १८८३ पासून इथे गाणं ऐकवतोय. ह्या गावात ऐकणारे म्हातारे पुष्कळ आहेत, आणि त्यांची तक्रार कुठल्याही कंपनीच्या माहितीपुस्तकात धड लिहिलेली नसते. एक पेटीवादक सांगत होते, मशीन घालून मैफलीला बसलं की तानपुरा थरथरतो, मध्येच सुरावरून घसरतो, आणि थोड्या वेळानं नाहीसाच होतो. त्यांना वाटलं, आपलं डोकं फिरलं.

डोकं ठिकाणावर होतं. मशीनमध्ये शिट्टी मारणारा आवाज शोधून मोडणारी एक यंत्रणा असते. शिट्टी म्हणजे काय, तर एका सुरावर टिकून राहिलेला आवाज. तानपुरा आणि बासरी दुसरं करतात काय? यंत्रणा तानपुऱ्याला शिट्टी समजते आणि तो मोडायला जाते, त्यातून ती थरथर. मग नॉइज रिडक्शन येतं. त्याच्या लेखी जो आवाज चढउतार न करता चालू राहतो तो पंखा. म्हणून तेही तानपुरा दाबतं. षड्ज धरून ठेवलेल्या गवयाची तीच गत.

तिसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. आपण बोलतो ते साधारण ६५ डेसिबलला. मैफलीत तबल्याची थाप आणि वरच्या षड्जाची पुकार क्षणभर शंभरापर्यंत किंवा त्याच्याही पुढे जाते. जुन्या डिजिटल मशीनांचा आत घ्यायचा दरवाजाच तेवढा उंच नव्हता. आवाज आत शिरतानाच कापला जायचा, आणि एकदा कापलेला आवाज पुढे कितीही कमी-जास्त करून सांधत नाही. टोरांटोचे मार्शल चेझिन आयुष्यभर संगीतकारांचे कान बघत आले. त्यांनी ह्यावर एक अगदी स्वस्त तोडगा सांगितलाय, मैफलीला जाताना मायक्रोफोनवर चिकटपट्टीचे तुकडे लावायचे. आत शिरणारा आवाज थोडा उतरतो, कापला जात नाही. आजच्या नव्या मशीनांत हा दरवाजा बराच उंच झालाय. जुनं मशीन असलेल्यांनी चिकटपट्टी लावून बघायला हरकत नाही, बाहेर आल्यावर काढायला विसरू नका.

म्हणून रसिक माणसानं संगीताचा वेगळा प्रोग्रॅम मागून घ्यावा. त्यात शिट्टी मोडणारी यंत्रणा बंद किंवा अगदी मंद, नॉइज रिडक्शन बंद, दिशेचे मायक्रोफोन बंद, कॉम्प्रेशन सावकाश आणि कमी. बोलण्यासाठी जे चांगलं ते इथे वाईट. ह्या प्रोग्रॅममध्ये शेजाऱ्याशी बोलायला जाल तर नीट कळणार नाही. पण मैफलीत शेजाऱ्याशी बोलायचंच कशाला?

तानपुऱ्याचा विषय निघालाय तर इथून तासाभरावरच्या मिरजेचं नाव घ्यायलाच हवं. तिथल्या सतारमेकर मंडळींच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तानपुऱ्याची तार घोडीच्या वक्र पृष्ठभागावर घासत कंप पावते आणि तिच्यातून वरचे स्वरांश फुटतात, अगदी जिथे छेडल्यावर ते नियमानं फुटू नयेत तिथूनही, हे चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी १९२१ मध्ये दाखवलं. ह्या स्वरांशांचा भाग काही हजार हर्ट्झपर्यंत जातो, म्हणजे म्हाताऱ्या कानाला जो सापडत नाही त्याच भागात. कारागीर तारेखाली सुताचा धागा सरकवतो, केसभर पुढे, केसभर मागे, आणि जवारी, म्हणजे ह्या स्वरांशांचा झंकार, लागते. समोर गाणारा बसलेला असेल तर त्याच्या गळ्यावर लावतो. गायकाला न ऐकता लावलेली जवारी आणि रोग्याला न विचारता बसवलेलं मशीन, दोन्ही दुकानात बरी वाजतात.

रोग्यानं सांगायचं मात्र नेमकं. "बरं वाटत नाही" ह्या वाक्यावरून संगणकातला कुठला पट्टा हलवायचा ते कळत नाही. कुठे, कोणाचं, कसं, हे लिहून आणा. "सुनेचं बोलणं कळत नाही, मुलाचं कळतं" हे सोन्यासारखं वाक्य आहे. उंच भाग कमी पडतोय हे त्यातून कळतं. "वर्तमानपत्र उलटताना टोचतं" म्हणजे उंच भागातला हळू आवाज जास्त झालाय. "दार आपटलं की दचकतो" म्हणजे वरची कमाल मर्यादा खाली आणायला हवी, उंच भागाला हात न लावता. शेवटच्या दोन्ही वेळा रोगी एरवी "आवाज जास्त आहे" एवढंच सांगतो, आणि दोन्हींवरचा उपाय निराळा. घाईतला माणूस दोन्हींना सरसकट आवाज कमी करून देतो. आराम मिळतो, आणि मशीन घेतल्याचं कारणच निघून जातं.

दुसरं, थोडं सोसा. वर्षानुवर्षं मेंदूला भांड्यांचा आवाज मिळालेला नाही. तो एकदम मिळाला की बोचतो, मग काही आठवड्यांत बोथट होतो. चांगला ऑडिओलॉजिस्ट आधी थोडं कमी देतो आणि दर भेटीला चढवत नेतो. पण दुखणं आणि अनोळखीपणा ह्यांत फरक आहे. दुखत असेल तर सोसू नका, त्याच दिवशी जा.

सरकारी मदतीनं मशीन मिळतं. अपंग व्यक्तींना साहाय्यभूत साधनं देणारी केंद्राची योजना १९८१ पासून आहे, आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून हे काम करते. शिबिरं होतात, फोटो निघतात, मशीनं वाटली जातात. माझी तक्रार वाटण्याबद्दल नाही. जुळवायला तीन-चार बैठका लागतात आणि शिबिर एका दिवसाचं असतं. आजऱ्याच्या आतल्या गावातून म्हातारीनं दर महिन्याला कोल्हापूरला यायचं, तर एक माणूस सोबत, एक दिवसाची मजुरी बुडालेली, एसटीचं भाडं वेगळं. आता काही मशीनं मोबाइलवरून, दुरून जुळवता येतात. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एक दिवस जुळवणीसाठी ठेवला, तरी पुष्कळ मशीनं कपाटातून बाहेर येतील. शिबिर भरवणाऱ्या संस्थांनी शंभर मशीनं वाटण्याऐवजी साठ वाटावीत आणि उरलेल्या पैशांत ती साठ वर्षभर जुळवून द्यावीत, असं मी त्यांना सांगत असतो. फोटोत शंभर बरे दिसतात, हे मलाही कळतं.

आता प्रश्न घेऊ. एक विनंती. "माझा आवाज मोठा आहे, माइक नको" असं म्हणणारे आपल्या गावात फार. सभागृहात मशीन घातलेले पंधरा-वीस जण तरी मला दिसताहेत. तुमचा मोठा आवाज पाच रांगा ओलांडून, भिंतींवर आपटून त्यांच्यापर्यंत जाईल तेव्हा त्यातली व्यंजनं वाटेत राहिलेली असतील. माइक तोंडाजवळ धरा, सावकाश बोला, आणि आकडा सांगायचा असेल तर दोनदा सांगा. तिसऱ्या रांगेतल्या काकांचा हात आधी वर झाला होता, त्यांना माइक द्या.